दवाखाना कुणाचा आणि हिशेब कुणाकडे?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बैठकीपुढे दोन ठराव आहेत. पहिला ठराव म्हणतो, सरकारने कापसाच्या बाजारातून जसा हात काढला तसा दवाखान्यातूनही काढावा; इलाज ज्याचा त्याने बघावा, सरकारने कर कमी करावेत म्हणजे झाले. दुसरा ठराव म्हणतो, शेतकऱ्याच्या घरातल्या लहानथोर सगळ्यांचा इलाज सरकारने फुकट करावा. दोन्ही ठरावांवर सह्या करणाऱ्यांच्या छातीवर बिल्ला एकच आहे. पण सह्यांची गावे पाहिली तर ध्यानात येते, की गेल्या निवडणुकीत ज्या गावाने जी निशाणी उचलून धरली त्या निशाणीला शोभेल असाच ठराव त्या गावाने पाठवला आहे. दुखणे राहिले बाजूला आणि निशाण्यांची झुंज लागली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली ही गत.

ठराव मताला टाकण्याआधी दोन्ही बाजू तपासून मांडा, असे आम्हाला सांगण्यात आले. आम्ही शेती शिकलेली माणसे, डॉक्टर नव्हे. म्हणून शेतीच्या पदवीत जी एक गोष्ट पक्की शिकलो तीच इथे वापरणार आहोत. कोणते वाण चांगले हे कंपनीच्या जाहिरातीवरून ठरवायचे नसते. एकाच जमिनीत शेजारी शेजारी तुकडे पाडायचे, प्रत्येकात वेगळे वाण लावायचे आणि सुगीला वजन करायचे. दवाखान्यांच्या बाबतीत असे तुकडे महाराष्ट्रात एके ठिकाणी आयते पडलेले आहेत. ते ठिकाण म्हणजे मुंबईची उपनगरे: अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. ही गावे आपल्याला अनोळखी नाहीत. आपली पोरे तिथे वॉचमन आहेत, रिक्षा चालवतात, गोदामात माल उचलतात. जिल्ह्याच्या डॉक्टरने 'मुंबईला न्या' म्हटले की त्यांच्याच दहा बाय दहाच्या खोलीत आपण पथारी टाकतो.

आधी दुखण्याचा हिशेब

पाऊस हुकला तर एक हंगाम जातो; पुढच्या मृगाला माणूस पुन्हा तिफण धरतो. घरात मोठे दुखणे शिरले तर मात्र आधी बैलजोडी जाते, मग दागिना, मग वावर. ज्याच्यासाठी वावर विकले तो माणूसही पुष्कळदा हाती लागत नाही.

देशाच्या आरोग्यखर्चाचा सरकारी हिशेब निघत असतो. त्यात २०१३-१४ साली असे दिसले, की इलाजावर खर्च होणाऱ्या दर १०० रुपयांतले ६४ रुपये लोक स्वतःच्या खिशातून भरतात. २०२१-२२ साली हा आकडा ३९ वर आला. उतार आहे, नाही असे नाही. पण ही सरासरी आहे. तीत पगारी नोकर आला, कंपनीचा विमा असलेला साहेब आला. कोरडवाहूवाल्याचा खिसा म्हणजे सावकाराची तिजोरी. त्यातून काढलेल्या रुपयाला व्याजही लागते. सरकारचे म्हणाल तर २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहून ठेवले होते, की २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करू. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता.

हात आखडता ठेवा म्हणणारे काय म्हणतात

सरकारने दवाखाने चालवू नयेत असे कुणी म्हटले, की त्याला लगेच श्रीमंतांचा वकील ठरवण्याची आपल्याकडे रीत आहे. तसे करू नका. त्याचे म्हणणे नीट ऐका, कारण त्यातले निम्मे आपणच वर्षानुवर्षे सभेत बोलत आलो आहोत.

त्याचे पहिले म्हणणे, फुकट म्हणून काही नसते. सरकार एका हाताने देते तेव्हा दुसऱ्या हाताने आधी घेतलेले असते. दुसरे म्हणणे, बारभाईची खेती, काय लागेल हाती? सगळ्यांच्या मालकीचे ते कुणाच्याच मालकीचे नसते. यंत्र बंद पडले तरी कुणाच्या घरचे काही जात नाही. तिसरे, देणाऱ्याचा हात वर राहतो आणि घेणाऱ्याचा खाली. फुकट इलाज घेणारा पुढाऱ्याला जाब विचारत नाही, हात जोडतो. आणि चौथे म्हणणे, सरकार यायच्या आधीही माणसे माणसांना सांभाळत होती. अमरावती जिल्ह्यातल्या गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा पाहा. टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या इलाजाला आलेल्या गरिबांना ती आसरा देते. तिचा पाया सरकारी आदेशाने घातलेला नाही.

हा विचार आपल्याला परका नाही. १९५९ साली राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला, मुंबईचे मिनू मसानी त्यात होते. त्यांचा झगडा परवाना-परमिट राज्याशी होता. १९९४ साली शरद जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला तो त्याच वाटेवर. आणि १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी योजना तर इथे बसलेल्या प्रत्येक पन्नाशीच्या माणसाने अंगावर घेतली आहे. एकच गिऱ्हाईक, एकच काटा, ग्रेडर म्हणेल ती प्रत आणि सरकारला जमेल तेव्हा चुकारा. आम्हीही सरकारचा हात आखडता असावा याच मताचे आहोत. ते लपवून इथे उभे नाही.

पण या मताची माणसे जगात एकसारखी वागलेली नाहीत, हेही पाहिले पाहिजे. इंग्लंडात १९४८ साली मजूर पक्षाच्या सरकारने साऱ्या देशासाठी सरकारी इलाज सुरू केला. कायदा होताना हुजूर पक्षाने विरोधी मत दिले. पुढे १९५१ पासून १३ वर्षे तोच हुजूर पक्ष गादीवर होता. त्याने ती व्यवस्था मोडली नाही. जर्मनीत तर कामगारांचा आजारविमा १८८३ साली आणला बिस्मार्कने, आणि बिस्मार्क म्हणजे समाजवाद्यांचा हाडवैरी. मात्र त्याने फुकट दिले नाही. वर्गणीचे दोन भाग कामगाराचे, एक भाग मालकाचा. अमेरिकेत २०१० साली ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा झाला तेव्हा रिपब्लिकन पक्षाच्या (तिथल्या, आपल्या नव्हे) एकाही सभासदाने बाजूने मत दिले नाही. २०१७ साली तोच पक्ष सत्तेवर येऊन कायदा मोडायला निघाला. त्याच्याच तीन सिनेटरांनी ऐन वेळी विरोधी मत दिले आणि बेत फसला.

यातून एवढे कळते, की 'सरकार हवे की नको' हे भांडण व्यासपीठावरचे आहे. व्यासपीठावरून उतरले की खरे प्रश्न तीन उरतात. पैसा कुणाचा? त्याची नोंद कुठे? आणि जाब कुणाला विचारायचा? हे तीन प्रश्न घेऊन आता उपनगरात चला.

उपनगरातले पाच तुकडे

पहिला तुकडा पालिकेच्या दवाखान्याचा. अंधेरी-पार्ल्याला कूपर, घाटकोपरला राजावाडी, मुलुंडला अग्रवाल, बोरिवलीला भगवती. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. देशात इतकी श्रीमंत पालिका दुसरी नाही. आणि तरी भगवती नि अग्रवाल या दोन्ही रुग्णालयांची नवी बांधणी वर्षानुवर्षे रेंगाळली. राजावाडीत जून २०२१ मध्ये अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडलेल्या रोग्याच्या डोळ्याजवळ उंदराने कुरतडले. याच दवाखान्यांतून रोज हजारो माणसे बरी होऊन घरी जातात आणि तिथला डॉक्टर राब राब राबतो, हेही तितकेच खरे. प्रश्न त्याच्या नियतीचा नाही. प्रश्न असा, की तिथल्या रोग्याने जाब विचारायचा तो कुणाला? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ पालिकेत निवडून आलेला एकही माणूस नव्हता. सारा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला.

आणि पैसा कुणाचा? २०१७ पर्यंत मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यावर मुंबईत शिरणाऱ्या मालावर जकात घेतली जाई. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. ती भरपाई आता राज्य सरकार आपल्या तिजोरीतून पालिकेला देते. राज्याची तिजोरी भरते कशाने? तुम्ही कपाशीवर मारता त्या रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के कर आहे. खतावर ५ टक्के आहे. त्यातला राज्याचा वाटा त्याच तिजोरीत पडतो. 'शेतकरी कर भरत नाही' म्हणणाऱ्याला ही पावती दाखवा. घाटकोपरच्या खाटेत थोडा पैसा यवतमाळच्या फवारणीचा आहे. त्याची नोंद मात्र कुठल्याच वहीत नाही.

दुसरा तुकडा कामगार विम्याचा. १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा महामंडळ झाले. त्याची रुग्णालये अंधेरीत मरोळला, मुलुंडला, कांदिवलीला आहेत. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी घेतात. इथे नोंद चोख आहे: कामगाराचा नंबर आहे, कार्ड आहे, हक्क आहे. पण १७ डिसेंबर २०१८ ला मरोळच्या कामगार रुग्णालयाला आग लागली आणि आठाहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर कित्येक वर्षे ते रुग्णालय पूर्ण क्षमतेने उघडले नाही. वर्गणी मात्र दर महिन्याला कापली जात होती. कायद्याने बांधलेल्या कामगाराला 'माझी वर्गणी घेऊन मी दुसऱ्या दवाखान्यात जातो' म्हणायची सोय नाही. मालकी दिल्लीला, खाट मरोळला. नोंद आहे पण बाहेर पडायला दार नाही, असा हा तुकडा.

तिसरा तुकडा धर्मादाय रुग्णालयांचा. विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेल्या आणि सवलती घेतलेल्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि १० टक्के खाटा दुर्बलांना सवलतीत द्यायच्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लावून दिली. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचे ४१ अअ हे कलम तिच्या पाठीशी आहे. शिवाय रुग्णालयाने बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेला निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतचा दुर्बल. म्हणजे कागदावर या मांडवातली बहुतेक घरे आली. आता हात वर करा, हे आजवर किती जणांना माहीत होते? (सभेत चार हात वर झाले.) हक्क आहे, पण ज्याचा आहे त्याला त्याची खबर नाही. काउंटरवरचा माणूस आपण होऊन सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

चौथा तुकडा कंत्राटाचा, आणि पहिल्या ठरावावर सह्या करणाऱ्यांनी इथे कान द्यावा. अंधेरीत मरोळला पालिकेने आपली जागा सेव्हन हिल्स या खासगी रुग्णालयाला दिली. बेत १५०० खाटांचा होता, त्यातल्या २० टक्के खाटा पालिकेच्या रोग्यांसाठी राखायच्या होत्या. रुग्णालय २०१० साली उघडले. राखीव खाटांवरून पालिका आणि कंपनी यांचे भांडण झाले. २०१८ साली दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. २०२० साली कोरोना आला तेव्हा पालिकेलाच ते रुग्णालय हाती घेऊन रोगी ठेवावे लागले. आता सांगा, याला खुला बाजार म्हणायचे का? खुल्या बाजारात स्वतःची जमीन, स्वतःचे भांडवल आणि स्वतःची जोखीम असते. इथे जमीन जनतेची होती, आणि बुडाल्यावर निस्तरायला पुन्हा जनताच आली. हे परवाना-परमिट राज्याचेच वाण आहे, पिशवी तेवढी नवी. बाजारावर ज्याची श्रद्धा आहे त्याने राजावाडीच्या उंदरावर जितके चिडावे त्याहून जास्त या करारावर चिडायला हवे.

पाचवा तुकडा कार्डाचा. तो उपनगरातही आहे आणि आपल्या शिवारातही. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत मुंबई उपनगर होते तसेच अमरावती आणि नांदेडही होते. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली. पुढे आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यालाही तिच्यात घेतले. आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत इलाज आहे. यात चांगली गोष्ट ही, की पैसा रोग्याच्या मागे जातो. दवाखाना सरकारी असो की खासगी, यादीत असला म्हणजे झाले. वाईट गोष्ट तुम्हाला आमच्याहून चांगली कळेल. शस्त्रक्रियेचा भाव सरकार ठरवते आणि पैसे सवडीने देते. म्हणजे एकाधिकार योजनेत कापूसवाल्याचे जे झाले ते इथे डॉक्टरचे. भाव खर्चाला पुरला नाही की तो एक तर 'खाट शिल्लक नाही' म्हणतो, नाही तर कार्ड घेऊनही वरून पैसे मागतो. सरकारने भाव पाडला की माल बाजारातून नाहीसा होतो. हे अर्थशास्त्र ज्वारीला लागू आहे तसे पित्ताशयालाही लागू आहे.

वजनकाटा

पाच तुकड्यांचे वजन झाले. ज्या तुकड्यावर सरकारचा फलक होता तिथे पीक आपोआप आले नाही, आणि ज्या तुकड्यावर खासगी फलक होता तिथेही नाही. जिथे रोग्याच्या नावाची नोंद होती, पैसा त्याच्या मागे जात होता आणि न पटल्यास दुसरे दार उघडे होते, तिथे निदान अंकुर दिसला. तिन्ही गोष्टी मिळून मात्र कुठेच नव्हत्या.

आणि पक्षांनी या काळात काय केले? फलक रंगवले. १९९७ साली युतीच्या राज्यात जीवनदायी योजना आली. २०१२ साली काँग्रेस आघाडीने तिच्या जागी नवी योजना आणून राजीव गांधींचे नाव दिले. २०१७ साली भाजप-सेनेच्या राज्यात महात्मा फुल्यांचे नाव लागले. २०१८ साली दिल्लीची आयुष्मान भारत आली, तीवर पंतप्रधान हा शब्द. २०२२ साली मुंबईत आपला दवाखाना उघडला, त्यावर बाळासाहेब ठाकऱ्यांचे नाव. ही नावे वंदनीय आहेत, त्यांच्याशी आपले भांडण नाही. पण प्रत्येक नावाबरोबर गावात एक गट 'आपल्या साहेबांनी दिले' म्हणू लागतो आणि दुसरा गट त्या दवाखान्यातल्या चांगल्यालाही नावे ठेवू लागतो. डॉक्टरची जागा रिकामी आहे हे मग कुणीच विचारत नाही. आपण फुटलो याचा फायदा कुणाला, हे सांगायला ज्योतिषी नको.

दोन ठरावांना दोन प्रश्न

पहिल्या ठरावाला आमचा प्रश्न यवतमाळचा आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर मेले, शेकडो आजारी पडले. डोळ्यांपुढे अंधारी आलेला, तोंडाला फेस आलेला माणूस कुठे नेला? यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात. त्या वेळी त्याने चार दवाखान्यांचे भाव विचारून सौदा करायचा होता का? बाजार चालायला गिऱ्हाईक शुद्धीवर लागते आणि त्याला हिंडायला वेळ लागतो. साप चावला, विष चढले, बाई अडली, गाडीखाली माणूस आला, साथ पसरली, इथे बाजार नाही. इथे जवळचा उघडा दवाखाना आहे किंवा मरण आहे. मुंबईसारख्या शहरातही २०२० साली हेच दिसले. सरकारने हात आखडता घ्यावा, पण कुठून, हे पहिल्या ठरावात लिहिलेले नाही.

दुसऱ्या ठरावाला प्रश्न नांदेडचा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत इलाज फुकट झाला. प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपरचे पैसेही गेले. त्यानंतर दीड महिन्याने नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ माणसे दगावली. त्यांत १२ नवजात अर्भके होती. अधिकारी म्हणतील, ते रुग्णालय आमच्या विभागाचे नव्हे, वैद्यकीय शिक्षण विभागाचे. ज्या माऊलीचे लेकरू गेले तिला विभाग कळतो का? फुकट लिहिल्याने औषध येत नाही आणि नर्स येत नाही. फुकटाचे आणखी एक उदाहरण आपल्याच घरातले आहे. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला. बोगस अर्जांचा पूर आला आणि २०२५ मध्ये ती योजना गुंडाळली गेली. फटका बसला तो खऱ्या पेरणाऱ्याला.

सेवाग्रामची ज्वारी

मग वाट कोणती? ती मुंबईत सापडली नाही. आपल्या वर्ध्याला सापडते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या आसपास आजूबाजूच्या गावांत एक रीत पाडली. डॉ. उल्हास जाजू तिचे कर्ते. सुगीला घरटी ज्वारी गोळा करायची. ज्याला जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची थोडी, पण माफ कुणालाच नाही. गावातली ७५ टक्के घरे आली तरच गाव योजनेत. त्या बदल्यात अवचित आलेल्या दुखण्याचा इलाज रुग्णालयात फुकट. ज्याची चाहूल आधी लागते, जसे बाळंतपण किंवा मोतीबिंदू, त्याच्या बिलाचा काही भाग रोग्याने द्यायचा.

त्या ज्वारीतून रुग्णालयाचा खर्च निघत होता, असे कुणी समजू नये. सेवाग्रामच्या संस्थेचा निम्मा खर्च केंद्र सरकार देते, चौथा हिस्सा राज्य देते आणि चौथा हिस्सा संस्था स्वतः उभा करते. म्हणजे सरकारचा पैसा तिथेही आहे. पण कारभार मंत्र्याच्या हाती नाही आणि गावकरी हात जोडून उभा नाही. त्याने पायलीने मोजून ज्वारी घातली आहे, ती वहीत लिहिली आहे, आणि डॉक्टर गावात आला की तो मान वर करून विचारू शकतो, 'आमच्या माणसाला परत का पाठवले?' आज शिवारात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आहे. पायली गेली तरी रीत जुनी झालेली नाही.

हात आखडता ठेवा म्हणणाऱ्यांचे खरे म्हणणे याहून वेगळे नसावे. माणूस स्वतःचा वाटा घालतो तेव्हा तो मालकासारखा बोलतो. आणि सगळे फुकट मागणाऱ्यांचे खरे म्हणणेही यात आहे: ज्याच्याकडे घालायला ओंजळभरच आहे त्याला दारातून परत पाठवू नका.

तिसरा ठराव

म्हणून आम्ही तिसरा ठराव मांडतो. त्यात पाच कलमे आहेत.

एक. साप, विष, अपघात, बाळंतपण, साथ आणि लसीकरण ही सरकारची जबाबदारी. त्यासाठी ग्रामीण रुग्णालय चालू हवे. मंजूर डॉक्टर किती, हजर किती, सर्पदंशाची लस शिल्लक किती, हे दाराबाहेर फळ्यावर रोज लिहावे.

दोन. बाकीच्या मोठ्या इलाजात पैसा रोग्याच्या कार्डामागे जावा, दवाखाना त्याने निवडावा. भाव ठरवताना खर्च धरावा आणि चुकारा मुदतीत व्हावा. उसाला १४ दिवसांत पैसे न दिल्यास १५ टक्के व्याजाचा कायदा आहे. तोच न्याय दवाखान्याच्या बिलाला लावावा.

तीन. प्रत्येक कुटुंबाने जमिनीप्रमाणे सुगीला वर्गणी भरावी, भूमिहीनाने नाममात्र. तिचे पासबुक घरात असावे आणि हिशेब ग्रामसभेत वाचला जावा.

चार. जनतेची जमीन किंवा सवलत घेतलेल्या प्रत्येक रुग्णालयाने राखीव खाटांपैकी रिकाम्या किती, हे मराठीत मोठ्या अक्षरात दर्शनी भागात लावावे. करार मोडला तर जमीन परत घ्यावी.

पाच. कार्डावर आणि दवाखान्यावर कोणाही पुढाऱ्याचे नाव किंवा फोटो नको. गावाचे नाव पुरे.

यातल्या तिसऱ्या कलमावर वाद होईल हे आम्हाला माहीत आहे. 'आधीच मेलेल्याला आणखी वर्गणी?' असे कुणी विचारेल. त्याला उत्तर एवढेच, की आपण आजही भरतो आहोत. फवारणीच्या डब्यावर भरतो, सावकाराला भरतो, मुंबईच्या फेऱ्यांत भरतो. फरक इतकाच की आज पावती मिळत नाही.

मतदान आज घेऊ नये, अशी आमची अध्यक्षांना विनंती आहे. पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात. गेल्या दोन वर्षांत गावात दुखण्यापायी विकलेले वावर किती एकर. आपल्या प्राथमिक केंद्रात मंजूर डॉक्टर किती आणि प्रत्यक्ष हजर किती. आणि कार्ड असूनही वरून पैसे द्यावे लागलेल्या घरांची संख्या. नावे लिहू नका, आकडे लिहा. कुठल्या निशाणीचे गाव आहे तेही लिहू नका. तिन्ही ठराव त्या आकड्यांशेजारी ठेवून वाचू आणि मग हात वर करू.